गिअरबॉक्स खाली घेण्याआधी

(साताऱ्यात ऑटोमॅटिक गाड्यांचं गॅरेज चालवणारे आमचे मेकॅनिक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक सेडान एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे. पुण्याहून निघालो की शिरवळपर्यंत काही जाणवत नाही. खंबाटकी चढायला लागलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडतं, गाडी ओढत नाही आणि मग जोरात दणका बसतो. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स खाली घेऊन पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल. करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लगेच नको. शिरवळपर्यंत काही होत नाही, घाटात गाडी चांगली तापली की होतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या (ऑइलमधून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाच्या) गाडीत ऑइलच्या दाबानं आतला क्लच पॅक, म्हणजे क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा, आवळला जातो, तेव्हा गिअर लागतो. ऑइल तापलं की पातळ होतं. अशा वेळी पातळी कमी असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा आतल्या सीलमधून दाब निसटत असेल, तर क्लच उशिरा पकडतो. तेवढा वेळ इंजिन मोकळं फिरतं आणि तेच तुम्हाला ओरडल्यासारखं ऐकू येतं.

पहिल्यांदा गिअरबॉक्सचं ऑइल बघा. गाडी वीसेक किलोमीटर चालवून सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवा आणि परत पी मध्ये आणा. आता इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. इंजिन ऑइल आपण गाडी बंद करून बघतो, त्या सवयीनं इथे चुकीची पातळी दिसते. काही गाड्यांत ही तपासणी एन मध्ये करतात, म्हणून मॅन्युअल वाचून घ्या. तुमच्या गाडीला डिपस्टिकच नसेल, तर लिफ्टवर चढवून, ऑइलचं ठरलेलं तापमान स्कॅनरवर बघून, बाजूच्या बोल्टमधून पातळी तपासतात.

मग एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर आणि पारदर्शक डाग पसरला तर ऑइल ठीक आहे. काळपट तपकिरी दिसलं आणि जळका वास आला, तर क्लचचं अस्तर जळायला लागलंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक वेळा रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून. मग गाडी चालवू नका.

यानंतर स्कॅनर लावायला सांगा. 'पी ०७००' एवढाच कोड दाखवून कुणी गिअरबॉक्स गेला म्हणत असेल, तर मानू नका. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काही नोंद आहे, एवढंच तो सांगतो. खरी नोंद त्या कॉम्प्युटरमध्ये आत जाऊन वाचावी लागते. 'पी ०७५०'च्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडकडे (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हकडे) बोट दाखवतात, 'पी ०७३०' म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, क्लच घसरत असण्याची शक्यता. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स गाडी तापलेली असतानाही मोजायला लावा. थंड असताना बरोबर दाखवणारी कॉइल तापल्यावर तुटलेली निघते, आणि तुमची तक्रार तर तापल्यावरचीच आहे. शेवटी गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब, मोजायला लावा.

एवढं झालं की गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उघडा. त्यातल्या चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा अस्तराचे तुकडे सापडले, तरच गिअरबॉक्स खाली घ्यायचं बोला. नाही सापडले तर फिल्टर बदला आणि मॅन्युअलमध्ये नाव दिलंय तेच ऑइल भरा. पॅनमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. ऑइल काळं झालेलं असेल तर मशिननं जोरात फ्लशिंग करू देऊ नका. आत बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन अडकतो.

प्रश्न : आमची छोटी गाडी एएमटी आहे. शनिवारी-रविवारी पसरणी घाटात गर्दीत थांबत-थांबत चढताना जळका वास येतो. परवा गिअर आपोआप न्यूट्रलला गेला. ऑइल बदलू का?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : ताई, तुमच्या गाडीला वरचं काहीच लागू नाही. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेल्या या पद्धतीत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं विजेचा पंप आणि ॲक्च्युएटर करतात. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून ती धरत असणार, असं मला वाटतं. त्यात क्लच अर्धवट घासत राहतो आणि वास येतो तो त्याचाच. ब्रेकवर थांबा, निघताना हँडब्रेकचा आधार घ्या. वास आलाच तर गाडी कडेला घेऊन, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये निवू द्या.

सकाळी ड्रायव्हरचं दार उघडताना कान द्या. पंपाचा गुंय असा आवाज येऊन थांबतो, ते बरोबर. गाडी उभी असताना तो पुन्हा-पुन्हा सुरू होत असेल, तर दाब टिकत नाहीये. बॅटरीही तपासून घ्या, ती अशक्त झाली तरी गिअर अडखळतात. क्लच प्लेट बदलायची वेळ आली, तर नंतर स्कॅनरवर क्लचचं लर्निंग (नवी प्लेट कुठे पकडते ते कॉम्प्युटरला शिकवणं) करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. ते राहिलं की नव्या प्लेटवरही गाडी झटके देते.

प्रश्न : गावभागात पुराच्या पाण्यात माझी ऑटोमॅटिक गाडी सीटपर्यंत बुडाली होती. आता पाणी उतरलंय. चालू करून गॅरेजला नेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) पाणी आत गेलेलं असतं. क्लचचं अस्तर पाणी ओढून घेतं, त्याचा गोंद सुटतो आणि अस्तर सोलून निघतं. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत चालू न करता आणलेल्याच जास्त वाचल्या. आधी बॅटरीची वायर काढा. दोरी बांधून ओढत आणू नका. इंजिन बंद असलं की आतला पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर गिअर कोरडेच घासतात. चारही चाकं वर राहतील अशी फ्लॅटबेड बोलवा. इंजिनमधलं पाणी आणि वायरिंग आधी बघून होईल, मग गिअरबॉक्सचं ऑइल काढून नवं भरायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा काढायचं. गुलाबीपणा जाऊन स्वच्छ लाल ऑइल निघेपर्यंत हे करावं लागतं. विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत मात्र गॅरेजमध्ये काहीही उघडू देऊ नका, आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो आजच काढून ठेवा.