एडगर अॅलन पोच्या समग्र कविता आणल्यात, पण पुढे सरकत नाही. कुठून सुरुवात करू?

पोच्या कथा आवडल्या म्हणून तुम्ही कविता आणल्यात आणि पहिल्याच दीर्घकवितेत अडकलात, यात नवल नाही. बऱ्याच आवृत्त्या कालक्रमाने लावलेल्या असतात, त्यामुळे दारातच 'टॅमरलेन' भेटते. मरणशय्येवरचा तैमूरलंग गमावलेलं प्रेम आठवतोय, आणि हे लिहिणारा पोरगा अठरा वर्षांचा! १८२७ साली बॉस्टनमध्ये ते पुस्तक निघालं तेव्हा त्यावर त्याचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'एक बॉस्टनकर'. आज त्याच्या जेमतेम डझनभर प्रती उरल्यात, म्हणून संग्राहक त्यावर जीव टाकतात. आपण टाकायची गरज नाही.

पुस्तक मागच्या बाजूने उघडा. आधी 'द रेव्हन' (१८४५), आणि तीही मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलात तर हाती फक्त गोष्ट लागेल, आणि गोष्ट अगदी किरकोळ आहे: मध्यरात्री खोलीत एक कावळ्याच्या जातीचा पक्षी येतो, बस्स. अठराही कडवी 'मोअर' या आवाजावर संपतात. पहिल्या सात कडव्यांत पक्षी गप्प आहे. आठव्यात तो 'नेव्हरमोअर' ('पुन्हा कधीच नाही') म्हणतो, आणि त्याला तेवढंच येतं हे निवेदकाच्या लगेच लक्षात येतं. तरी निवेदक विचारत राहतो. प्रश्नही असे निवडतो, की 'नेव्हरमोअर' हे उत्तर जास्तीत जास्त झोंबावं. शेवटच्या कडव्यात पक्षी काहीच बोलत नाही, तो शब्द माणूस स्वतःच उच्चारतो. मला भीती वाटते ती तिथे.

ही कविता आपण गणितासारखी रचली, असा दावा पोने १८४६च्या एका निबंधात केलाय. निबंध जरूर वाचा, मात्र विश्वास अर्धाच ठेवा.

मग 'उलालूम' आणि 'अॅनाबेल ली'. 'द बेल्स'चं म्हणाल तर अमेरिकन लेखक इमर्सनने पोला 'जिंगल मॅन', म्हणजे नुसता खुळखुळाट करणारा, म्हटल्याचं सांगतात, आणि ही कविता वाचताना मला ते थोडं पटतं. (फ्रेंचांना नाही पटणार. फ्रेंच कवी मालार्मेने पोच्या कविता फ्रेंच गद्यात उतरवल्या, म्हणजे नाद काढून टाकल्यावरही त्याला त्यांत काहीतरी सापडलं.)

प्रस्तावनांमध्ये 'रेव्हन' म्हणजे बायकोच्या मृत्यूचा शोक, असं लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. व्हर्जिनिया क्षयाने गेली जानेवारी १८४७मध्ये, कविता त्याआधी दोन वर्षं छापून आलेली. ती आजारी होती हे मात्र खरं. 'अॅनाबेल ली' नंतरची आहे. पो गेल्यावर दोन दिवसांनी न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये आलेल्या मृत्युलेखातच ती छापली गेली. तो कुत्सित लेख टोपणनावाने लिहिणारा ग्रिझवोल्ड, आणि पुढे पोच्या साहित्याचा संपादकही तोच.

त्यानंतर १८३१च्या संग्रहाकडे वळा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत पोसोबत असलेल्या कॅडेटांनी आगाऊ पैसे भरून तो काढायला मदत केली. त्यांना अधिकाऱ्यांची टर उडवणाऱ्या कविता हव्या होत्या, मिळाली 'टू हेलन', एका स्त्रीच्या सौंदर्यावरची कविता. बिचारे. 'अलोन' चुकवू नका. ती पोच्या हयातीत छापलीच गेली नव्हती, १८७५मध्ये बाहेर आली.

'अल आराफ' ही दीर्घकविता सगळ्यात शेवटी. राहिली तरी चालेल.