आधी घरचं पाणी बघा, मग दुकानं

तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. 'वांद्र्याला दुकानात प्यायलो ती कॉफी अप्रतिम होती, तिथूनच बीन्स आणल्या, घरी मात्र पांचट आणि वर आंबट. मुंबईत खात्रीची दुकानं सांगा.' दुकानं सांगतो, पण शेवटी. कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय की कांदिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आरओ (पाण्यातले क्षारही काढून टाकणारा प्युरिफायर) आधीपासून बसवलेलाच होता. माझ्या मते दुखणं तिथे आहे.

माप, दळण, रोस्टची तारीख हे तुम्हाला माहीत असणार, एरोप्रेस (हाताने दाबून कॉफी काढायचं ते नळकांडं) वापरताय म्हणजे. ते सोडून देतो.

माझी चूक अशी. पार्ल्याला आमच्या घरी प्युरिफायरवाला डेमो द्यायला आला. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हींत विजेच्या पट्ट्या. मिनिटाभरात नळाचं पाणी चहासारखं तपकिरी झालं, वर गाळ. मशीनचं जसंच्या तसं. आई घाबरली, "अरे, हे पीत होतो आपण इतकी वर्षं?" आणि मी, चांगला इंजिनिअर माणूस, चेक लिहून दिला. त्या पट्ट्यांत लोखंड असतं. वीज सोडली की ते विरघळतं, आणि दिसतो तो त्याचा गंज. आरओच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, वीज धड वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. शाळेत शिकलेलं इलेक्ट्रोलिसिस. सोफ्यावर बसून बघताना एक अक्षर आठवलं नाही.

पुढचं दीड वर्ष कॉफी बिघडलेलीच होती आणि मी पाणी सोडून सगळ्यांना दोष दिला. आधी बीन्स बदलल्या. मग १४ हजारांचा ग्राइंडर घेतला. मग बीन्स भाजून विकणाऱ्या एका छोट्या रोस्टरला खरमरीत मेल पाठवला की तुमचं रोस्टिंग कच्चं आहे. त्या बिचाऱ्यांनी दुसरं पाकीट फुकट पाठवलं. तेही आंबट लागलं, तेव्हा एक तारा देऊन मोकळा झालो. (तो रिव्ह्यू नंतर काढला. माफीचा मेल मात्र अजून लिहायचाय.)

उलगडा झाला तो सर्व्हिस सेंटरच्या कृपेने. मशीन बंद पडलं. वार्षिक करार असूनही 'उद्या माणूस येईल' हे ११ दिवस ऐकलं. तोवर नळाचं पाणी उकळून वापरत होतो. तिसऱ्या सकाळी एरोप्रेसमधून जे निघालं ते पिऊन ओट्यापाशी उभाच राहिलो. तेच फुकटचं पाकीट, आणि चक्क काकवीसारखा गोडवा! लगेच साडेतीनशेचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, मागवला. नळ ८२, मशीन दुरुस्त झाल्यावर आरओ ९.

कॉफीतली चव ओढून काढायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, आणि आंबटपणा आवरायला बायकार्बोनेट. स्पेशल्टी कॉफी असोसिएशन या कॉफीवाल्यांच्या संघटनेच्या मापात १५०च्या आसपासचा टीडीएस चांगला धरतात. ९ म्हणजे जवळजवळ बॅटरीत घालायचं पाणी. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं, मुळातच हलकं, म्हणजे क्षार कमी. २०१९ साली केंद्र सरकारने शहरांच्या नळाचं पाणी तपासलं तेव्हा मुंबईचे सगळे नमुने पास झाले होते. त्याच वर्षी हरित लवादाने टीडीएस ५००च्या खाली असेल तिथे आरओ नको म्हटलं. आम्ही ८२वर बसवून घेतला.

अकराव्या दिवशी उगवलेल्या माणसाला म्हटलं, बाबा, तो टीडीएसचा स्क्रू थोडा सैल कर, नळाचं पाणी मिसळू दे. तो म्हणाला, ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणालं, टेक्निशियन ठरवतो. परत फोन केला तर 'वॉरंटी जाईल' आणि वर मेम्ब्रेन (आतली गाळणी) बदलायचं साडेतीन हजारांचं कोटेशन. तक्रार क्रमांक आणि 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' हे दोन्ही मेसेज एकाच दुपारी आले. असो, रक्तदाब वाढतो.

डिस्क्लेमर: मी डॉक्टर नाही, पाण्याचा तज्ज्ञही नाही. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, तेव्हा पाणी उकळाच. आणि तुमच्या टॉवरला टँकर किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर माझं गणित साफ चुकेल, तिथे कदाचित आरओच बरोबर.

आता दुकानं. ही माझी आवड, भांडायला येऊ नका. खारच्या चुईम गावातलं केसी रोस्टर्स, पूर्वीचं कोइनोनिया, सगळ्यात लाडकं. तिथे दुधाची कॉफी न घेता पोरओव्हर (वरून गरम पाणी ओतून गाळलेली काळी कॉफी) मागा आणि गर्दी नसेल तर काउंटरवर खुशाल प्रश्न विचारा. वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या बंगल्यातलं सबको २०२० साली सुरू झालं. कॉफी उत्तम, पण रविवारी फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते, मधल्या वारी सकाळी जा. ब्लू टोकाई आता जागोजागी आहे, पण मला महालक्ष्मीचं, लक्ष्मी वूलन मिलच्या आवारातलं आवडतं. आंबट अजिबात सोसत नसेल तर मान्सून्ड मलबार घ्या. मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी हवा खाऊन त्या बीन्सचा आंबटपणा उतरलेला असतो. आणि पाकिटावर 'रत्नागिरी इस्टेट' दिसलं तर हुरळू नका, ती कर्नाटकातली कॉफीची बाग, हापूसशी संबंध नाही. पण घ्या जरूर.

माटुंग्याला मात्र नाक मुरडायचं नाही. कॅफे मद्रासची फिल्टर कॉफी आणि मैसूर कन्सर्न्सची पावडर, चिकोरीसकट (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची भुकटी), मी आजही पितो. फक्त तुमच्या महागड्या बीन्स कुठल्याही कॉफी पावडरवाल्याकडे दळायला देऊ नका. मी एकदा दिल्या होत्या, पहिला प्रश्न आला, "चिकोरी किती टाकू?"

तर बीन्स टाकून देऊ नका. उद्या सकाळी नळाचं पाणी उकळून एक कप करून बघा. मीटर आला की नळाचा आणि आरओचा, दोन्ही आकडे इथे टाका. टँकर येतो का तेही लिहा.