तापमापक नव्हता तेव्हाचे तापमान

प्रश्न : जगभर तापमानाच्या नियमित नोंदी सुरू होऊन जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली. मग आठ लाख वर्षांपूर्वीच्या हवेविषयी शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे बोलतात? आणि आठवड्याचा अंदाज जिथे चुकतो, तिथे सन 2100 चे भाकीत कशाच्या आधारे मानायचे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती जुनी हवा आजही शिल्लक आहे. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम वितळत नाही. त्यावर थर चढत जातात आणि साधारण शंभर मीटर खाली ते इतके दाबले जाते, की कणांमधली हवा बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. तिथल्याच ‘डोम सी’ या ठिकाणी युरोपीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यांत आठ लाख वर्षांची हवा मिळाली. हा बर्फ निर्वात पात्रात चिरडला, की सुटणारी हवा सरळ मोजता येते. त्या संपूर्ण काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 170 ते 300 भाग एवढेच राहिले. आज ते 420 च्या पुढे आहे.

तापमान मात्र असे थेट मोजता येत नाही, ते खुद्द बर्फातून ताडावे लागते. पाण्याच्या काही रेणूंत जड ऑक्सिजन किंवा जड हायड्रोजन असतो. ध्रुवाकडे जाणाऱ्या बाष्पातून हे रेणू आधी गळून पडतात, म्हणून हवा जितकी थंड, तितके शेवटी पडणाऱ्या हिमात ते कमी. आपल्याकडे हेच काम गुहांतील चुनखडीचे स्तंभ करतात : मेघालयातील मॉम्लुह गुहेतल्या स्तंभात सुमारे 4200 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याची खूण सापडली.

आता भविष्य. अमुक दिवशी पाऊस पडेल का, हे आजच्या हवेच्या बारीकसारीक स्थितीवर ठरते, आणि ती मोजताना राहिलेली लहानशी चूक थोड्याच दिवसांत अंदाज निकामी करते. तीस वर्षांची सरासरी मात्र पृथ्वीवर येणाऱ्या आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या ताळेबंदावर ठरते, आणि संगणकीय मॉडेल मांडते ते हेच गणित. ते कसोटीला उतरलेले आहे, आणि मला तरी हाच सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सूर्यप्रकाश अडवणारे कण हवेत उंच पसरल्यावर अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जगाचे सरासरी तापमान 1992 च्या अखेरीपर्यंत सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने उतरेल, असे घडण्यापूर्वीच प्रसिद्ध केले होते. ते जवळजवळ तेवढेच उतरले.

तरीही 2100 साठी एकच आकडा कोणी देत नाही, कारण माणूस किती कोळसा आणि तेल जाळणार हे भौतिकशास्त्र सांगू शकत नाही. म्हणून वेगवेगळी गृहीतके धरून वेगवेगळी उत्तरे काढली जातात. शिवाय जागतिक मॉडेलचा एकेक चौकोन बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस आणि माण-खटावचा दुष्काळ त्या एका चौकोनात सामावू शकतो, त्यामुळे जगाच्या तापमानाविषयी ही मॉडेल जितक्या खात्रीने बोलतात, तितक्या खात्रीने एखाद्या तालुक्याच्या पावसाविषयी बोलू शकत नाहीत.