मोठं भोक आधी, लहान नंतर

प्रश्न : सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यात आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) झोताने ६० नॅनोमीटरचं भोक पाडता येतं, मग डीएनएचा धागा जेमतेम जाईल असं २ नॅनोमीटरचं का नाही?

उत्तर : हे भोक पाडणारा, गॅलियम धातूच्या आयनांचा झोत तेवढा बारीक होत नाही. म्हणून भोक मोठंच पाडायचं आणि मग बुजवत आणायचं. ही रीत २००१ मध्ये हार्वर्डमध्ये दाखवली गेली. ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा आर्गॉन आयनांचा झोत भोकासकट आसपासच्या भागावर सोडतात. खोलीच्या तापमानाला पृष्ठभागावरचं द्रव्य सरकत कडेशी जमतं, आतल्या बाजूने पातळ ओठ वाढतो. पडदा थंड केला तर उलट घडतं: कड झिजते, भोक रुंदावतं.

सगळी कसोटी थांबण्यात आहे. पलीकडे बसवलेला शोधक भोकातून आलेले आयन मोजतो. मोजणी भोकाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटते, ठरवलेल्या आकड्याला झोत बंद. पण झोत बंद झाल्यावरही द्रव्य काही क्षण सरकत राहतं, तेव्हा जरा आधीच थांबा. पडदा विद्युतरोधक असल्याने त्यावर भार साचून आयन वाकतात आणि मोजणी फसते. तो भार घालवायला मंद इलेक्ट्रॉनांचा फवारा हवाच. अखेरचं माप मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच घ्या.