खडी-वाळू धुण्याच्या प्लांटवर पाण्याचा वापर आणि घट कशी काढायची?

पंपातून फिरणारं पाणी मोजू नका. तळ्यात नव्यानं किती भरावं लागतं ते मोजा, खरा वापर तोच. धुण्याचं बरंचसं पाणी गाळाच्या तळ्यातून परत येतं, त्यामुळे पंपाचा आकडा फसवा असतो. मोठी घट मालासोबत जाते: वाळू कोरड्या वजनाच्या ४ टक्के ओलावा घेऊन आली आणि १२ टक्के घेऊन गेली, तर दर १०० टन कोरड्या वाळूमागे ८ घनमीटर पाणी गेलं. नमुना ट्रक भरतानाच घ्या, आधीचा ढीग अजून निथळत असतो. बाष्पीभवन: १ हेक्टर तळ्यावर ५ मिमी म्हणजे ५० घनमीटर. रस्त्यावर मारलेलं पाणी टँकरच्या खेपांवरून. नव्यानं भरलेल्या पाण्यातून हे सगळं वजा करून उरलेली तफावत गाळात अडकलेली किंवा झिरपलेली. मात्र खाण भूजलपातळीखाली असेल तर आत पाझरणारं पाणी वेगळं धरा, नाहीतर वापर कमी दिसेल.