बोलक्या खेळण्यातून वेगळे आवाज

प्रश्न : आठवडी बाजारातून घेतलेलं, सेलवर चालणारं जुनं बोलकं खेळणं पडून आहे. त्यातून चित्रविचित्र आवाज काढता येतील का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : जरूर. १९७८ च्या 'स्पीक अँड स्पेल' या इंग्रजी स्पेलिंग शिकवणाऱ्या बोलक्या खेळण्यावर जगभर असे प्रयोग झाले आहेत. खेळणं मात्र सेलवरच चालवा, अडॅप्टर लावून उघड्या सर्किटला हात लावू नका.

डांबराच्या थेंबासारख्या काळ्या ठिपक्याखाली चिप असते. जवळचा एक रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा दोन टोकांचा भाग) तिचा वेग ठरवतो. खेळणं बोलत असताना ओलं बोट एकेका रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर टेकवा. आवाज चिरका झाला की तोच तो. कुठेच फरक पडला नाही, तर तो चिपच्या आत आहे. दुसरं खेळणं शोधा.

सापडलेला रेझिस्टर काढून तिथे १ मेगाओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) आणि ४७ किलोओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडा. हा छोटा रेझिस्टर वगळू नका. तो नसेल तर पॉट शून्याकडे गेला की चिप झेपणार नाही इतकी पळते आणि अडकते. अडकलीच तर सेल काढून थोड्या वेळाने परत घाला. सोल्डरिंग आयर्न (डाख देण्याचं अवजार) २५ वॅटचं पुरे. जास्त तापवलं की सर्किटवरची तांब्याची पट्टी उखडते. पॉट उलटा फिरवला की 'अ अननसाचा' इतकं ताणलं जातं की अक्षर उरत नाही, नुसती घरघर. खरी गंमत तिथेच आहे.