कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला दफनभूमीत का जातात? मृतांसाठी 'मिस्सा ठेवणे' म्हणजे काय?

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी तो आपल्या मठांत सुरू केला आणि पुढे सगळीकडे पसरला. श्रद्धा अशी, की काही आत्मे स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्धीस्थानात असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेची त्यांना मदत होते.

वसईत आमच्याकडे आधीच कबरी साफ करून ठेवतात. त्या दिवशी फुलं, मेणबत्त्या आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी; मग फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. एरवी महिनोन्‌महिने न भेटणारे चुलतभाऊ तिथे हमखास भेटतात, आणि गप्पाही होतात. त्यात गैर काही नाही.

मिस्सा ठेवणं म्हणजे चर्चच्या ऑफिसात मृताचं नाव देऊन त्या दिवसाची मिस्सा त्याच्यासाठी अर्पण करायला सांगणं. सोबत थोडी दक्षिणा देतात. ती मिस्सेची किंमत नव्हे. गरिबाकडून काही न घेताही फादर मिस्सा करतात. सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाला ठेवण्याची पद्धत आहे.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी मित्राच्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जरूर जा. फक्त मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, म्हणजे कम्युनियन, घेऊ नका.